घटना कवा घडली?

किस्से गोळा करावे लागत नाहीत हो! लोकांना वाटतं, मी कुठेतरी डायरीबियरी लिहून ठेवली असणार. छे! पौडला वजनमापे निरीक्षकाचं ऑफिस होतं, त्यात मी कारकून. बाजाराच्या दिवशी ऑफिसचं दार नुसतं उघडं ठेवलं की किस्से आपल्या पायांनी चालत यायचे आणि वर प्यायला पाणी मागायचे. सत्तरीचं दशक संपत आलं होतं आणि ऐंशीचं लागत होतं, तो काळ धरा.

आम्ही तिघंच. निरीक्षक गायकवाड साहेब, शिपाई महिपत आणि मी, शिंदे. आमचं खातं असं, की त्याला कुणी मत दिलेलं नाही, आमच्यासाठी कधी रिक्षातून स्पीकर फिरलेला नाही, गुलाल तर लांबच! तरी तालुक्यातल्या झाडून सगळ्या दुकानदारांच्या तराजूवर आमचा शिक्का. तो नसला तर तराजू उचलून न्यायचा अधिकार आम्हाला. हा अधिकार येतो कुठून, हा प्रश्न मला पहिली दोन वर्षं पडलाच नाही. मला वाटायचं, टेबलाबरोबर ड्रॉवर येतो तसा साहेबाबरोबर अधिकार येत असणार.

गायकवाड साहेबांना मात्र हा प्रश्न रोज पडायचा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी! आणि त्या एका प्रश्नापायी त्या माणसानं आम्हाला जे जे दाखवलं, ते आठवलं की मी आजही गप्प बसतो. मी गप्प बसतो म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा.

* * *

साहेबांची एक सवय होती. दुकानात शिरले की आधी कायद्याचं पुस्तक उघडायचे आणि ज्या कलमानं त्यांना दुकानात शिरायचा अधिकार दिला, ते कलम उभ्यानं, खणखणीत आवाजात वाचायचे. मग पोटकलम. मग नियम.

मी एकदा म्हणालो, "साहेब, कशाला एवढं? तुम्ही साहेब आहात, बास की!"

"शिंदे, अधिकार माझा नाही, कलमाचा आहे. मी तो फक्त उचलून आणतो. ज्याच्या दारात आणला, त्याला दाखवायला नको?"

आता पौडच्या बाजारात पोपटशेठ म्हणून तांदळाचे व्यापारी होते. ताम्हिणीपासून कोळवणपर्यंतच्या शेतकऱ्यांचा आंबेमोहोर त्यांच्या काट्यावर यायचा. बोलवा अशी, की शेठकडे वजनांचे दोन जोड आहेत. विकताना वेगळा, शेतकऱ्याकडून घेताना वेगळा. घेतानाच्या पाच किलोत बुडाशी शिसं जास्त ओतलेलं, म्हणजे शेतकऱ्यानं घालायचा जास्त तांदूळ आणि कागदावर लागायचे पाचच किलो!

आम्ही गेलो. साहेबांनी पुस्तक उघडलं. पोपटशेठ पूजेला बसल्यासारखे हात जोडून ऐकत राहिले. कलम संपलं, पोटकलम संपलं, नियम संपले. तेवढ्यात आतल्या दारानं शेठच्या मंडळींनी अख्खा जोड बदलून टाकला! आम्ही तपासली तर एकूण एक वजन बरोबर.

शेठ आम्हाला पोचवायला पायरीपर्यंत आले. म्हणाले, "सायेब, लई ग्वाड वाचता! पुन्यांदा या."

मी रस्ताभर धुमसत होतो. साहेब शांत. म्हणाले, "वाचायचं सोडणार नाही मी."

पुढच्या बाजाराला पुन्हा गेलो. साहेबांनी चष्मा लावला. महिपत म्हणाला, "सायेब, तुमी निवांत वाचा. माजं गुडगं दुखत्यात, मी जरा टेकतो." आणि काट्याजवळच्या पाच किलोच्या वजनावर त्यानं फतकल मारली! शेठचा चेहरा पडला. आतून मंडळी दोनदा डोकावून गेल्या. साहेबांनी त्या दिवशी प्रस्तावनेपासून वाचलं.

वाचून झालं तरी महिपत उठेना. म्हणाला, "अजून काई ऱ्हायलं आसंल तर वाचा सायेब. ऐवज माज्याखाली हाय!"

त्या वजनासमोर आम्ही आमची पितळी वजनं ठेवली. पाच किलोनं पारडं हललंच नाही. वर जवळजवळ पाव किलो टाकलं, तेव्हा कुठं काटा मधोमध आला.

त्याच वेळी तांदळाची पाटी घेऊन एक बाई पाळीला उभी होती. हौसाबाई, ताम्हिणीकडची. ती त्या काट्याकडे बघतच राहिली. तिला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा ती खालीच बसली.

"आन मी इतकी वरसं सासूला बोल लावायची!" ती म्हणाली. "घरी मापल्याला तांदूळ बाजारात कमी भरायचा. मला वाटायचं, म्हातारीच मागच्या मागं काढून लेकीला देती. लई बोलले वो तिला. मरून गेली की ती."

पोपटशेठ गल्ल्यापाशी जाऊन उगाच वही उलटू लागले.

* * *

पंचनाम्याला बसलो, तेव्हा मात्र शेठना वाचा फुटली.

"कुनी दिला तुमाला ह्यो अधिकार?"

"कायद्यानं," साहेब म्हणाले.

"आन कायद्याला कुनी दिला?"

"घटनेनं."

"घटना?" शेठनी पंचांकडे पाहिलं. "कंची घटना? कवा घडली?"

मला हसू आवरेना. पण गायकवाड साहेबांना थट्टा कळायची नाही, किंवा घटनेची थट्टा करायची नाही असं त्यांनी ठरवलेलं असावं. त्यांनी सरळ उत्तर दिलं, "सव्वीस नोव्हेंबर, एकोणीसशे एकोणपन्नास."

शेठनी बोटांवर वर्षं मोजली. "आन पंचनामा आज करताय व्हय?"

पंच असे हसले, की एकाचा अंगठा कागदावर फरपटला आणि मला पान नव्यानं लिहावं लागलं! साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी वजन फडक्यात गुंडाळलं, लाखेचा शिक्का मारला आणि मग म्हणाले, "शेठ, तुमचं म्हणणं खरं आहे. उशीरच झाला."

मी हातातली लेखणी तशीच धरून बसलो. तीसेक वर्षांपूर्वी दिल्लीत बसून कुणीतरी लिहिलेलं पौडच्या बाजारात एका तांदळाच्या पाटीपाशी येऊन पोचलं होतं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो.

पण शेठ वस्ताद! उठता उठता म्हणाले, "कोर्टात जाऊ. ह्येच वजन सोडवून आनीन आन ह्येच पारड्यात पुन्यांदा ठिवीन. मंग बगू तुमची घटना!"

म्हणजे आता एवढंच होतं. खटला टिकला तर ते वजन कायमचं गेलं. नाही टिकला तर ते पुन्हा हौसाबाईच्या तांदळासमोर बसणार.

* * *

हौसाबाई साक्षीदार म्हणून जबाब द्यायला ऑफिसात आली. भिंतीवर आमचं ऑफिस सुरू करण्याचा आदेश फ्रेम करून लावलेला होता. ती म्हणाली, "त्यावर काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. सगळ्या सरकारी आदेशांच्या शेवटी असतं तसं त्याच्याही शेवटी होतं, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने.'

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "राज्यपालांच्या कानावर गेलं व्हय आमच्या तांदळाचं?"

मी गडबडीत होतो. म्हणालो, "हो हो, त्यांच्याच नावानं चालतं सगळं."

झालं! पुढच्या बाजाराला बाई आंबेमोहोराचं गाठोडं घेऊन हजर. "राज्यपालांना पोचवा. त्येंच्या नावाचा हाय."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी टेबलाखाली जाऊन पेन्सिल शोधायला लागलो. मग त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. राज्यपालांना तुमचं गाव माहीत नाही. तुमचा तांदूळ माहीत नाही. पण राज्यात सरकारचं जेवढं काम चालतं, ते त्यांच्या नावानं करायचं, असं घटनेत लिहिलंय. कारण काम करणाऱ्यानं ते स्वतःच्या नावावर करायचं नसतं.

हौसाबाईनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी नाव त्येंचं, काम तुमचं आन तांदूळ माजा?"

"अगदी बरोबर."

"मंग ह्यो कुनी खायाचा?"

"तुम्ही. घरी न्या."

जाताना ती महिपतला म्हणाली, "सायेब शिकल्यालं हायेत, पर सवताचं नाव सांगायला लाजत्यात!"

त्या दिवसापासून महिपतचं काय झालं कोण जाणे. कुठल्या दुकानदाराला नोटीस द्यायला निघाला, की आधी नळावर तोंड धुवायचा, टोपी झटकायचा. मी म्हणालो, "काय रे, सोयरीक बघायला चाललास का?"

"शिंदेसायेब, राज्यपालांच्या नावानं निगालोय. असंच जाऊ व्हय?"

* * *

मग शेठची बाजू घेऊन आण्णा आले. आण्णा एका गावचे सरपंच. गावाचं नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं मला अजून रस्त्यात भेटतात. आण्णांनी खुर्ची ओढली, टोपी टेबलावर ठेवली आणि गायकवाड साहेबांवर बोट रोखलं.

"मी निवडून आलोय! दोन येळा! गावानं मला खांद्यावर घिऊन नाचवलाय. तुमाला कुनी निवडलं?"

"कुणीच नाही," साहेब म्हणाले.

आण्णांचं बोट तसंच राहिलं. भांडायला आलेल्या माणसाला पहिल्याच घासाला होकार मिळाला की त्याची फार पंचाईत होते.

"मंग कुनाच्या जिवावर वजनं उचलता?"

"तुमच्या."

"माज्या?"

"तुम्ही आमदारकीला मत दिलंत?"

"दिलं की."

"आमदारांनी सभागृहात बसून कायदा केला. प्रत्येक दुकानात आमदार जाऊन वजन तपासू शकत नाही. म्हणून कायद्यात लिहिलं, की सरकारनं माणूस नेमावा. त्यानं काय करावं आणि काय करू नये, तेही लिहिलं. नियम केले ते पुन्हा सभागृहापुढं ठेवले. तुमचं मत तिथून निघून माझ्यापर्यंत येतं. येईपर्यंत ते एवढंसं होतं, पण असतं तुमचंच. त्याच्या बाहेर मी इतकं जरी पाऊल टाकलं, तरी कोर्ट माझा कान धरेल."

आण्णांनी टेबलावरची टोपी फिरवून ठेवली. मग म्हणाले, "पर आमी त्या गड्याला पाडायला मत दिलं हुतं!"

"तरी कायदा तुमचाच, आण्णा. पडलेलं मतसुद्धा मोजलेलं असतं."

महिपतनं चहा आणला. आण्णांनी तो बशीत ओतून हळूहळू प्यायला. जाताना आमच्या काट्यापाशी थांबले, त्याला बोट लावलं, तो हलला, तसं पटकन बोट मागं घेतलं.

नंतर पोपटशेठच्या दुकानात जे झालं, ते मला महिपतनं सांगितलं. शेठनी विचारलं, "काय आण्णा, वजन सोडवलं का?" तर आण्णा म्हणाले, "मी पुन्यांदा तितं जानार न्हाई बाबा. तितं माजंच मत मला आडवं येतंय!"

* * *

खटला उभा राहायच्या आधी आमची स्वतःची वजनं तपासून आणायची होती. होय, आमचीसुद्धा तपासतात! पितळी वजनं, आत मखमल लावलेलं लाकडी खोकं, उचलायला चिमटा. बोटांनी धरायची नाहीत, घामानंसुद्धा फरक पडतो. असं ते खोकं मांडीवर घेऊन महिपत एसटीत बसला. मी आणि साहेब मागच्या सीटवर.

कंडक्टर म्हणाला, "खोकं टपावर टाका."

"जमायचं न्हाई."

"का? काय हाय त्यात?"

महिपतनं दोन्ही हात खोक्यावर ठेवले. "सरकार हाय!"

कंडक्टरनं तिकिटाचा पंच हवेत वाजवला. "मंग सरकारचं तिकीट कोन काडनार?"

अख्खी एसटी हसली. महिपतनं पुण्यापर्यंत त्याच्याकडे बघितलं नाही.

पुण्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटातला काटा होता. तिथला माणूस वजन ठेवताना श्वास रोखून धरायचा. आम्हीही धरला. का धरला, माहीत नाही! महिपत तर डोळे मिटून उभा होता. वजनं बरोबर निघाली. मग तो माणूस सहज सांगायला लागला, की आमची ही वजनं मुंबईला तपासायला जातात, मुंबईची दिल्लीला जातात, आणि दिल्लीचा किलो ज्याच्यावरून तपासला, तो मूळ किलो फ्रान्समध्ये काचेच्या झाकणाखाली ठेवलाय.

"म्हंजी आपल्या पौडाच्या किलूची सोयरीक पार फ्रान्सात!" महिपत म्हणाला.

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. मी रोज ज्या वजनाखाली कागद दाबून ठेवायचो, ते असं एकाचा हात धरून दुसरा, दुसऱ्याचा धरून तिसरा, करत करत समुद्रापलीकडे पोचत होतं. त्या दिवसापासून मी कागदावर साधा दगड ठेवायला लागलो.

परतीच्या एसटीत भूगाव गेलं आणि महिपतनं मागं वळून विचारलं, "सायेब, त्या फ्रान्सातल्या किलूला कोन तपासतं?"

भुकूम गेलं. पिरंगुट आलं, कारखान्याची पाळी सुटलेली, गाडीत मुंगी शिरायला जागा उरली नाही. तेव्हा कुठं साहेब म्हणाले, "त्याला कुणी नाही तपासत. सगळ्या देशांनी बसून ठरवलं, की हा किलो. ठरवलं म्हणून तो किलो."

"आन घटनेचं?"

"तेही तसंच. माझी सही कायद्यावरून तपासायची, कायदा घटनेवरून. आणि घटना आपण ठरवली."

"आपन म्हंजी? मी तवा म्हशीमागं हुतो!"

"तरी तुमचं नाव पहिल्या ओळीत आहे, महिपतराव. 'आम्ही भारताचे लोक.'"

साहेबांनी त्याला 'महिपतराव' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. महिपतनं मान पुढं वळवली. पौड येईपर्यंत त्यानं खोक्यावरचा हात काढला नाही.

* * *

आणि अशा माणसाच्या अधिकारालाच भोक निघालं!

झालं काय, पोपटशेठनी पुण्याचा चांगला वकील दिला. वकिलानं पहिलीच मागणी केली, निरीक्षकाच्या नेमणुकीचं राजपत्र दाखवा. साहेबांनी कपाटातून काढलं. मी वाचायला घेतलं आणि माझी जीभ अडखळली. साहेबांची नेमणूक 'मुळशी पेटा' या क्षेत्रासाठी होती.

आता पूर्वी, जुन्या काळी, आमचा मुलूख म्हणजे हवेलीतला एक पेटा. पेटा म्हणजे तालुक्याचा पोटभाग. पुढं मुळशीचा स्वतंत्र तालुका झाला. पण वरच्या कुठल्याशा टेबलावर कुणीतरी जुनी यादी समोर ठेवून राजपत्राचा मजकूर उतरवला असणार. कागदोपत्री बघायला गेलं तर पेटा नावाचा मुलूखच उरला नव्हता, आणि गायकवाड साहेब सात वर्षं त्याचे निरीक्षक होते!

मी म्हणालो, "जाऊ द्या हो साहेब. पेटा काय नि तालुका काय!"

सात वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. "मी पोपटशेठला पाव किलो सोडत नाही, मग स्वतःला एक शब्द कसा सोडू?"

आम्ही वरच्या ऑफिसला शुद्धिपत्रकासाठी लिहिलं. तीन स्मरणपत्रं पाठवली. शेवटी उत्तर आलं. उत्तर असं: 'मुळशी पेटा या नावाचे क्षेत्र सध्या अस्तित्वात नसल्याने त्याबाबत शुद्धिपत्रक काढता येत नाही.'

मी हसलो. मग साहेबांकडे बघितलं.

"शिंदे," ते म्हणाले, "माझी आई मजुरीला जायची. मजुरीचं धान्य मापानं मिळायचं. माप घालणारा माणूस मापाच्या आत अंगठा धरायचा. तेवढं धान्य रोज कमी. तिला दिसायचं, पण बोलायची सोय नव्हती. कारण माप त्याचं, अंगठाही त्याचा. म्हणून मी या खात्यात आलो. आणि आज कळतंय, सात वर्षं तालुकाभर मी शिक्के मारले, ते कोण म्हणून? मी पण अंगठा घालूनच मोजत होतो का?"

महिपत दारात उभा होता, तो टोपी काढून हातात धरून राहिला. साहेबांचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

* * *

पुण्याच्या कोर्टात आम्ही गेलो, तेव्हा साहेबांच्या हातात तेच राजपत्र होतं. दुसरं आणणार कुठून?

वकील उभे राहिले. बोलायला फार छान होते हो, उगाच नाही म्हणत मी! म्हणाले, "हे गृहस्थ निवडून आलेले नाहीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. घटना अशा अधिकाऱ्यांना मान्यता देते. पण निवडलेला नसला, तर निदान नेमलेला तरी हवा! कायद्यानं आखून दिलेल्या हद्दीच्या बाहेर त्याला तसूभर अधिकार नाही. आणि या गृहस्थांची हद्द कोणती? मुळशी पेटा. साहेब, असा मुलूख आज कुठं आहे? माझ्या अशिलाचं दुकान त्या हद्दीत नाही, कारण ती हद्दच नाही. तेव्हा जप्ती रद्द करावी आणि वजन परत द्यावं."

मागच्या बाकावर पोपटशेठनी पिशवीसुद्धा आणलेली होती, वजन न्यायला!

न्यायाधीशांनी साहेबांना विचारलं, "यावर काही म्हणायचंय?"

"नाही, साहेब. राजपत्रात शब्द तोच आहे."

आमच्या सरकारी वकिलानं कपाळाला हात लावला. मी मनातल्या मनात गायकवाड साहेबांना नाही नाही ते बोललो. अरे, थोडं काहीतरी फिरवून सांगावं माणसानं! पण तो माणूस ताठ उभा होता.

न्यायाधीश म्हणाले, या मुद्द्याचं मी नंतर बघतो. साक्षीदार बाई लांबून आलेल्या आहेत, त्यांचं आधी घेऊ.

हौसाबाई पिंजऱ्यात आली. नवं लुगडं नेसून आली होती. शपथ झाली. कोर्टाच्या कारकुनानं खाली मान घालून विचारलं, नाव? सांगितलं. धंदा? शेती. राहणार?

"ताम्हिणी, पेटा मुळशी."

वकील ताडकन उठले. "तालुका! बाई, तालुका म्हणा."

हौसाबाईनं त्यांच्याकडे वळून बघितलं. "तालुका तुमच्यात म्हनत आसतील. आमी पेट्यात ऱ्हातो. माजं म्हायार बी पेट्यातलंच."

"साहेब, अडाणी बाईचं बोलणं आहे, हे नोंदवू नये—"

न्यायाधीशांनी हात वर केला. वकील थांबले. न्यायाधीशांनी समोरची फाइल उघडली, चार पानं मागं उलटली आणि वकीलपत्र काढलं. पोपटशेठनी याच वकिलांना आपली बाजू मांडायला नेमलं, तो कागद. वर शेठनी स्वतःच्या हातानं पत्ता लिहिलेला होता. न्यायाधीशांनी तो सावकाश, मोठ्यानं वाचला.

"राहणार पौड, पेटा मुळशी, जिल्हा पुणे."

मागच्या बाकावरून पोपटशेठच बोलले, "मंग काय लिवायचं, सायेब? आमी समदी तसंच लिवतो!"

"तुमच्या अशिलाला हद्द माहीत आहे, तेव्हा हा मुद्दा इथंच संपला," न्यायाधीश म्हणाले, आणि वकील खाली बसले.

न्यायाधीशांनी वकीलपत्र फाइलमध्ये परत ठेवलं, लेखणी उचलली आणि हौसाबाईकडे बघितलं.

"हं, बाई. पुढं सांगा. तांदूळ कुणाच्या काट्यावर घातला होता?"